नोंदीतील नाव : रुडयार्ड किपलिंगचे पुत्रस्मरण आणि मौनाची शैली

प्रास्ताविक

रणांगणावर अकाली पडलेल्या तरुण योद्ध्याचे स्मरण कसे करावे, हा प्रश्न वाङ्मयाला नवा नाही. महाभारताच्या द्रोणपर्वात अभिमन्यूच्या वधानंतर अर्जुन आणि सुभद्रा यांचा विलाप येतो. ‘इलियड’च्या अखेरीस वृद्ध प्रायम आपल्या पुत्राचे शव परत मागण्यासाठी शत्रूच्या तंबूत जातो. या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. मृत्यू कोठे व कसा झाला हे ठाऊक आहे, आणि शोक करण्यासाठी निदान देह तरी आहे. विसाव्या शतकातील यंत्रयुद्धाने नेमके हेच गृहीत काढून घेतले. तोफांच्या माऱ्याखाली माणूस केवळ मरत नव्हता, तो नाहीसा होत होता. आप्तांच्या हाती येत असे ती एक तार, आणि त्या तारेत ‘बेपत्ता’ हा शब्द.

रुडयार्ड किपलिंग (१८६५–१९३६) या लेखकाच्या वाट्याला हा शब्द आला तेव्हा तो इंग्रजी भाषेतील सर्वांत प्रसिद्ध लेखकांपैकी एक होता. त्याचा जन्म मुंबईचा. वडील लॉकवुड किपलिंग सर जे. जे. कला विद्यालयात अध्यापक होते. साम्राज्याचा कवी म्हणून आपल्याकडील अभ्यासक्रमांत त्याची जी ओळख करून दिली जाते ती चुकीची नाही; पण ती अपुरी आहे. एकुलता एक मुलगा युद्धात गमावलेला पिता म्हणून त्याने जे लिहिले, आणि मुख्यतः जे लिहिण्याचे टाळले, त्याचा विचार मराठीत फारसा झालेला दिसत नाही. प्रस्तुत लेखात तो करावयाचा आहे. येथील प्रतिपादन असे की, किपलिंगने केलेले पुत्रस्मरण ‘माय बॉय जॅक’ या लोकप्रिय कवितेत शोधणे फारसे फलदायी नाही. ज्या दोन कृतींत पिता स्वतःला जवळजवळ पूर्णपणे लपवतो, त्यांत ते सापडते. या लपविण्याची थोरवी आणि मर्यादा मात्र, ज्यांची नावेच कोठे कोरली गेली नाहीत अशा आपल्याकडील सैनिकांचा विचार केल्याखेरीज नीट कळत नाही.

जॉन किपलिंग : ज्ञात तपशील

जॉनचा जन्म १७ ऑगस्ट १८९७ चा. त्याची दृष्टी अत्यंत अधू होती. आधी नौदलाची इच्छा सोडावी लागली आणि १९१४ साली युद्ध सुरू झाल्यावर सैन्यानेही त्याला दृष्टिदोषामुळे नाकारले. तेव्हा पित्याने आपले जुने स्नेही फील्ड मार्शल लॉर्ड रॉबर्ट्स यांच्याकडे शब्द टाकला. रॉबर्ट्स हे आयरिश गार्ड्स या रेजिमेंटचे मानद कर्नल होते. त्यांच्या शिफारशीने जॉन त्या रेजिमेंटमध्ये सेकंड लेफ्टनंट झाला. वय अठराच्या आत असल्यामुळे परदेशी रणभूमीवर जाण्यासाठी पालकाची संमती लागत होती. तीही किपलिंगने दिली. १९१५ च्या ऑगस्टमध्ये, अठराव्या वाढदिवसाच्या सुमारास, जॉन फ्रान्सला पोहोचला. २७ सप्टेंबर रोजी लूसच्या लढाईत त्याची दुसरी बटालियन प्रथमच शत्रूसमोर गेली. त्याच दिवशी तो दिसेनासा झाला. वय अठरा वर्षे आणि सहा आठवडे.

त्यानंतर शोध सुरू झाला. किपलिंग दांपत्याने इस्पितळे पालथी घातली, परतलेल्या जवानांना भेटून प्रश्न विचारले. जॉनविषयी विचारणा करणारी जर्मन भाषेतील पत्रके विमानातून शत्रूच्या प्रदेशात टाकण्यात आली. हाती काहीच लागले नाही.

या शोधातील एक प्रसंग किपलिंगला कधी सांगितलाच गेला नाही. त्याचे मित्र, कादंबरीकार रायडर हॅगार्ड, यांनी आपल्या दैनंदिनीत १९१५ च्या डिसेंबरमध्ये तो टिपून ठेवला. आयरिश गार्ड्समधील एका जवानाने त्यांना सांगितले की, आपण त्या तरुण अधिकाऱ्याला पाहिले. त्याचे तोंड तोफगोळ्याच्या तुकड्याने छिन्नविच्छिन्न झाले होते आणि तो त्यावर पट्टी बांधण्याची धडपड करीत वेदनेने रडत होता. जवान मदतीला जाणार होता. परंतु अधिकाऱ्याला रडताना आपण पाहिले याची त्याला लाज वाटेल, म्हणून गेला नाही. हॅगार्ड यांनी स्वतः एक मुलगा गमावला होता. हे पित्याला कळवावयाचे नाही असे त्यांनी ठरविले. दैनंदिनी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली ती १९८० साली, म्हणजे किपलिंगच्या मृत्यूनंतर चव्वेचाळीस वर्षांनी. एका जवानाने अधिकाऱ्याची लाज राखली आणि एका मित्राने पित्याचे मन राखले. किपलिंगच्या संयमित गद्याची चर्चा करताना हा संयम केवळ एका लेखकाचा नव्हता, तो त्या समाजाचा आचारधर्म होता, हे ध्यानी घ्यावे लागते. त्या आचारधर्माची किंमतही या प्रसंगातच दिसते. जखमी मुलाजवळ कोणी गेले नाही.

‘माय बॉय जॅक’ : स्वीकृतीचा प्रश्न

१९१६ साली लिहिलेली ‘माय बॉय जॅक’ ही कविता आज जवळजवळ सर्वत्र जॉनवरील विलापिका म्हणून वाचली जाते. डेव्हिड हेग यांच्या १९९७ मधील नाटकाने आणि त्यावरून २००७ साली निघालेल्या दूरचित्रवाणी चित्रपटाने हा समज दृढ केला. कवितेत एक व्यक्ती आपल्या जॅकची काही वार्ता आहे का असे विचारते आणि दुसरा स्वर वाऱ्याचा व भरतीचा दाखला देत नकार देतो. सांत्वन कोणते, या प्रश्नाला उत्तर मिळते ते असे की, त्याने आपल्या कुळाला कमीपणा आणला नाही.

कवितेचा मूळ संदर्भ पाहिला तर चित्र बदलते. ती प्रथम आली ती जटलंडच्या आरमारी लढाईवरील लेखांच्या अग्रभागी, आणि नंतर नौदलविषयक लेखनाच्या ‘सी वॉरफेअर’ या संग्रहात. ‘जॅक’ हे इंग्रजीत खलाशाचे सर्वसामान्य नाव आहे. उत्तर देणारा स्वर जिला संबोधतो ती व्यक्ती जॅकची जन्मदात्री आहे. म्हणजे प्रश्न विचारणारा पिता नव्हेच. समुद्र, वारा, भरती हे सारे जमिनीवरच्या चुनखडीच्या खाणीजवळ हरवलेल्या जॉनला लागू पडत नाही.

याचा अर्थ कवितेत जॉन मुळीच नाही असा करणे हेही टोकाचे ठरेल. पुत्र बेपत्ता होऊन जेमतेम वर्ष झालेल्या माणसाने ‘वार्ता आहे का’ हा प्रश्न लिहावा आणि त्यात स्वतःचे काही नसावे, हे संभवत नाही. पण किपलिंगने आपले दुःख दुसऱ्याच्या, बहुधा हजारो खलाशांच्या मातांच्या, स्वाधीन केले. आपण वाचकांनी ते हिरावून पुन्हा त्याच्या घरात नेऊन ठेवले. ही केवळ चरित्रात्मक समीक्षेची चूक नाही. प्रसिद्ध पित्याचा पुत्र हा स्मरणाला सोयीचा असतो, आणि अनामिक खलाशी गैरसोयीचा.

शिवाय कविता म्हणून ती मला दुय्यम वाटते. तिच्यातील सांत्वन फार लवकर येते. ‘ताठ मानेने जगा’ असा उपदेश ज्या सहजतेने केला जातो त्या सहजतेत त्या काळच्या वृत्तपत्री देशभक्तीचा स्वर आहे. आपल्याकडील विजयदिनाच्या भाषणांतून हाच स्वर ऐकू येतो, तेव्हा त्याचे परीक्षण करण्यास आपण धजत नाही, ही गोष्ट वेगळी.

इतिहासग्रंथातील एक वाक्य

१९१७ साली आयरिश गार्ड्सने किपलिंगकडे रेजिमेंटचा युद्धेतिहास लिहिण्याचे काम सोपविले. पाच वर्षांहून अधिक काळ तो त्यात गुंतला होता. बटालियनच्या रोजनिश्या, अधिकाऱ्यांची पत्रे, जवानांच्या आठवणी यांतून १९२३ साली ‘द आयरिश गार्ड्स इन द ग्रेट वॉर’ हा द्विखंडात्मक ग्रंथ सिद्ध झाला. पहिला खंड पहिल्या बटालियनचा, दुसरा खंड दुसऱ्या बटालियनचा, म्हणजे जॉनच्या. किपलिंगच्या चाहत्यांनी हा ग्रंथ सहसा वाचलेला नसतो आणि लष्करी इतिहासकार तो संदर्भापुरता चाळतात. माझ्या मते त्याच्या उत्तरायुष्यातील हे सर्वांत महत्त्वाचे गद्य आहे.

लूसच्या लढाईचे वर्णन दुसऱ्या खंडात आरंभीच येते. हल्ला कसा सुरू झाला, तुकड्या कोणत्या वनराईपर्यंत पोहोचल्या, माघार कशी घ्यावी लागली, हे क्रमाने सांगितले जाते. कोणकोणते अधिकारी पडले हे सांगताना एक वाक्य असे येते की, अमुक एक तरुण अधिकारी गोळी लागून जखमी झाला किंवा मारला गेला आणि सेकंड लेफ्टनंट किपलिंग जखमी व बेपत्ता झाला. बस्स, एवढेच. हा तरुण ग्रंथकर्त्याचा पुत्र आहे हे तेथे सांगितलेले नाही. विशेषण नाही, वय नाही, शौर्याचा उल्लेख नाही.

मात्र त्याच वाक्यात एक छोटे मध्यवर्ती विधान आहे. दुसऱ्या अधिकाऱ्याविषयी सांगताना, त्याचा देह पुढे सापडला, एवढी माहिती दोन आडव्या रेघांमध्ये दिली आहे. इतिहासाच्या दृष्टीने ती आवश्यक आहे. ‘जखमी किंवा मृत’ या संदिग्धतेचा निरास ती करते. परंतु हे विधान संपून पुढच्याच शब्दाला ‘किपलिंग’ हे नाव येते, तेव्हा जे सांगितले नाही ते ऐकू येऊ लागते. एकाचा देह सापडला. दुसऱ्याविषयी त्या दोन रेघांमध्ये घालण्यासारखे काही नाही. पित्याने आपले दुःख दुसऱ्याच्या मुलाविषयीच्या उपवाक्यात ठेवले आहे. हे हेतुपुरस्सर होते की नकळत, हा प्रश्न येथे गौण आहे. वाक्याची रचना तशी आहे आणि वाचकावर होणारा परिणाम त्या रचनेचा आहे.

या मौनाला आपल्या काव्यशास्त्रात एक समर्पक संज्ञा उपलब्ध आहे. भवभूतीने ‘उत्तररामचरिता’त रामाच्या करुणरसाला पुटपाकाची उपमा दिली. मातीने लिंपून बंद केलेल्या पात्रात औषधी आतल्या आत शिजते, बाहेर वाफही दिसत नाही. मराठी वाचकाची करुणरसाची कल्पना बहुतांशी याच्या उलट आहे. गोविंदाग्रजांच्या ‘राजहंस माझा निजला’ या कवितेत आई मृत बालकाला निजलेलेच समजते. तेथे शोक उघड्यावर येतो आणि वाचकाला त्यात ओढून घेतो. दोन्ही पद्धती आपापल्या जागी समर्थ आहेत. पण एका पद्धतीवर पोसलेल्या वाचकाला दुसरी कोरडी भासते. किपलिंगच्या वाक्याला ‘कोरडे’ म्हणणे म्हणजे पुटपाकाच्या पात्राला थंड म्हणण्यासारखे आहे.

तरीही येथे सावध राहावयास हवे. पात्राचे तोंड एकदा किंचित उघडे पडते. त्या दिवसाच्या नुकसानीविषयी किपलिंग लिहितो तेव्हा रंगभूमीवरील पदार्पणाची भाषा वापरून, पहिल्या प्रवेशाच्या मानाने ही सरासरी बरी म्हणावी, अशा अर्थाची टिप्पणी करतो. हा उपहास आहे. तो कोणावर आहे हे स्पष्ट नाही : सेनापतींवर, नियतीवर, की ज्याने आपल्या मुलाला त्या रंगमंचावर पाठविले त्या माणसावर?

अपराधभावाचा मुद्दा

या प्रश्नाचे उत्तर बहुतेक अभ्यासक ‘एपिटाफ्स ऑफ द वॉर’ (१९१९) या लघुकाव्यमालिकेतील ‘कॉमन फॉर्म’ या दोन ओळींच्या रचनेत शोधतात. आम्ही का मेलो असे कोणी विचारले तर आमच्या पित्यांच्या असत्याकडे बोट दाखवा, असा तिचा आशय आहे. किपलिंगने मुलाला शिफारशीने सैन्यात घातले, संमती दिली, आणि मग हा कबुलीजबाब लिहिला, अशी ही सरळ मांडणी. ती आकर्षक आहे. वर्गात सांगितली की विद्यार्थी स्तब्ध होतात.

परंतु ही मांडणी किपलिंगचे राजकारण विसरते. १९०२ मधील ‘द आयलँडर्स’ या कवितेपासून तो सक्तीच्या लष्करी शिक्षणाचा पुरस्कार करीत होता आणि युद्धाची तयारी न ठेवणाऱ्या राज्यकर्त्यांवर आसूड ओढत होता. त्याच्या दृष्टीने पित्यांचे असत्य म्हणजे ‘युद्ध होणारच नाही’ हे आश्वासन. त्याच मालिकेत एका मृत राजकारण्याचे स्मृतिलेखरूपी आत्मनिवेदनही आहे आणि तेथेही असत्य हाच विषय आहे. म्हणजे ‘कॉमन फॉर्म’ हा युद्धविरोधाचा जाहीरनामा नाही. तो अपुऱ्या युद्धसज्जतेवरील आरोप आहे. असे असूनही ‘आमचे पिते’ हा शब्दप्रयोग ज्याने केला तो स्वतः एक पिता होता, आणि शिफारशीचे पत्र त्याचेच होते. राजकीय अर्थ निश्चित आहे; खाजगी अर्थ त्याला चिकटून राहतो आणि निघत नाही. यांपैकी एकच निवडण्याचा आग्रह समीक्षेने धरू नये.

‘द गार्डनर’ : नाते लपविणारी कथा

‘डेबिट्स अँड क्रेडिट्स’ (१९२६) या संग्रहातील ‘द गार्डनर’ ही कथा किपलिंगने रुआँ येथील युद्धस्मशानाला १९२५ च्या मार्चमध्ये दिलेल्या भेटीनंतर लगोलग लिहावयास घेतली. येथे पिता नाही, मुलगाही नाही. आहे ती एक अविवाहित स्त्री आणि तिचा पुतण्या.

हेलन टरेल ही गावात प्रतिष्ठा असलेली स्त्री. तिचा भाऊ हिंदुस्थानात पोलीस अधिकारी होता, तो घोड्यावरून पडून मेला, त्याचे अनौरस मूल हेलनने वाढविले : असे गावाला ठाऊक आहे. निवेदक हे सारे गावाच्या मुखाने सांगतो आणि स्वतः त्यावर काहीच भाष्य करीत नाही. मायकेल तिला ‘मावशी’ किंवा ‘आत्या’ या अर्थाच्या ‘आंटी’ या शब्दाने हाक मारतो. फक्त रात्री झोपताना ‘मम्मी’ म्हणण्याची त्याला मुभा आहे. ‘आंटी’ या इंग्रजी शब्दात आत्या, मावशी, काकू, मामी या सर्वांची सरमिसळ होते, आणि हेलनचे सारे आयुष्य त्या संदिग्धतेच्या आडोशाने चालते. मराठीत ही कथा सांगावयाची तर ‘आत्या’ हा शब्द योजावा लागेल आणि तो शब्द तिच्या असत्याला अधिकच निश्चित रूप देईल.

मायकेल युद्धात मरतो. त्याच्या देहावर भिंत कोसळते, त्यामुळे तो दीर्घकाळ बेपत्ताच राहतो. हेलनकडे अधिकृत पत्रे येतात, अर्ज येतात, सहानुभूतीचे ठरावीक मजकूर येतात. मायकेलने एकदा तिला दारूगोळ्याचा कारखाना दाखविला होता. तोफगोळा एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे कसा सरकतो ते तिने पाहिले होते. आता आपल्यालाही तसेच ‘शोकाकुल आप्त’ म्हणून घडविले जात आहे असे तिला वाटते. युद्धाने मृत्यूचे जसे उत्पादन केले तसे शोकाचेही केले, ही जाणीव या एका प्रतिमेत आहे. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, लिहिणारा त्या उत्पादनाच्या व्यवस्थेतील एक प्रमुख होता. किपलिंग १९१७ पासून इंपीरियल वॉर ग्रेव्हज कमिशनचा सभासद होता. स्मारकांवरील वचने निवडणे व मजकूर लिहिणे हे त्याचेच काम होते. आपल्याच कार्यालयावर इतकी निर्दय टीका त्याने जाहीर लेखात कधी केली नसती. कथेने ती केली.

पुढे देह सापडतो. रांग आणि थडग्याचा क्रमांक कळविणारे पत्र येते. हेलन प्रवासाला निघते. वाटेत तिला एक स्त्री भेटते, जी इतरांच्या वतीने थडग्यांची छायाचित्रे काढण्याचे निमित्त करून वारंवार तेथे येते. रात्री ती हेलनजवळ कबुली देते की, तेथील एक थडगे अशा माणसाचे आहे जो तिचा कोणीही नव्हता आणि सर्वस्व होता. हेलन तिचे हात हाती घेते. पण स्वतःची गोष्ट सांगत नाही. या प्रसंगाची दाहकता अशी की, खोटे बोलणाऱ्या दोघी समोरासमोर आहेत आणि एकीचा बांध फुटला तरी दुसरीचा फुटत नाही.

दुसऱ्या दिवशी हजारो क्रूसांच्या त्या अरण्यात हेलन आपल्या पुतण्याचे थडगे शोधते. रोपे लावणारा एक माणूस तिच्याकडे अपार करुणेने पाहतो आणि तुझा मुलगा कोठे आहे ते दाखवितो, असे म्हणतो. तिने ‘पुतण्या’ म्हटले होते. त्याने ‘मुलगा’ म्हटले. ती परत जाते ती त्याला माळी समजून. योहानाच्या शुभवर्तमानात मग्दालीची मरीया पुनरुत्थित येशूला माळी समजते, तो हा संदर्भ. बायबलची पार्श्वभूमी नसलेल्या आपल्या विद्यार्थ्याला तो समजावून द्यावा लागतो. पण तो कळला नाही तरी एका शब्दाने उघडे पडणारे सत्य कळतेच.

कथा इतकी हळवी असूनही ती जॉनविषयी आहे असे किपलिंगने कोठे म्हटले नाही. फरकही मूलगामी आहे. मायकेलचा देह सापडतो, जॉनचा सापडला नाही. १९२० साली ब्रिटिश संसदेत थडग्यांच्या एकरूपतेवरून वाद झाला, तेव्हा किपलिंगचे एक पत्र सभागृहात वाचून दाखविण्यात आले. आम्हांला जावयास कोणतेच थडगे असणार नाही. ज्यांना ओळखीच्या जागी नाव कोरलेला दगड मिळाला आहे ते किती भाग्यवान आहेत हे त्यांना कळावे, असा त्याचा आशय होता. कथेत त्याने एका काल्पनिक आईला ते भाग्य दिले. ज्येष्ठ कन्या जोसेफीन १८९९ साली वारली, तेव्हाही त्याने सरळ विलाप न करता ‘दे’ (१९०४) ही, मृत मुलांच्या चाहुलीने भरलेल्या घराची कथा लिहिली होती. लपविणे ही त्याची जुनी रीत होती. ‘द गार्डनर’मध्ये मात्र लपविणे हाच विषय झाला आणि म्हणून ही कथा त्याच्या शैलीचे आत्मपरीक्षणही ठरते. ‘पुत्र’ हा शब्द इतिहासग्रंथात पित्याने लिहिला नाही. येथे तो एका परक्याच्या तोंडून येतो.

नाव आणि आकडा

वॉर ग्रेव्हज कमिशनचे मूलतत्त्व असे होते की, प्रत्येक मृत सैनिकाचे नाव, दर्जा वा धर्म न पाहता, दगडावर यावे. सेनापती व शिपाई यांचे थडग्याचे दगड एकाच आकाराचे असावेत. त्या काळाच्या मानाने हा विचार क्रांतिकारक होता आणि किपलिंगने त्याची पाठराखण केली. फ्रान्समधील न्यूव्ह शापेल येथे भारतीय सैनिकांचे स्मारक ७ ऑक्टोबर १९२७ रोजी उघडण्यात आले. तेथे ४,७०० हून अधिक नावे आहेत. त्या समारंभाला किपलिंग उपस्थित होता. ‘एपिटाफ्स’मध्येही फ्रान्समध्ये पडलेल्या हिंदू शिपायावर एक रचना आहे, आम्हांला अज्ञात अशा त्याच्या दैवतांनी त्याच्या शौर्याचे फळ त्याला द्यावे, अशी प्रार्थना तीत आहे. ती प्रामाणिक आहे. तो शिपाई मात्र निनावी आहे. भारतीय सैनिकांच्या पत्रांच्या आधारे लिहिलेल्या ‘द आइज ऑफ एशिया’ या पुस्तकात किपलिंगने शीख, रजपूत, पठाण यांच्या मुखी शब्द घातले. त्यांत मराठा नाही.

मराठा होता तो मेसोपोटेमियात. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी सहाव्या (पूना) डिव्हिजनमध्ये होत्या. १९१५ च्या डिसेंबरपासून २९ एप्रिल १९१६ च्या शरणागतीपर्यंत चाललेल्या कुतच्या वेढ्यात त्या सापडल्या. बसरा येथे १९२९ साली उभारलेल्या स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावे आली. भारतीयांपैकी अधिकाऱ्यांची नावे आली आणि शिपायांच्या वाट्याला केवळ संख्या आली. फ्रान्समध्ये जे तत्त्व पाळले गेले ते आशिया व आफ्रिकेत पाळले गेले नाही. कमिशनने नेमलेल्या विशेष समितीच्या २०२१ मधील अहवालाने हे मान्य केले. सुमारे ४५,००० ते ५४,००० मृतांचे स्मरण विषम रीतीने झाले, आणि किमान १,१६,००० व कदाचित ३,५०,००० पर्यंत मृतांची नावे कोरली गेली नाहीत किंवा त्यांचे स्मरण मुळीच झाले नाही, असा तिचा अंदाज आहे. यांत मुख्यतः भारतीय, आफ्रिकी व इजिप्शियन आहेत. कमिशनने त्याबद्दल माफी मागितली.

हा अहवाल हाती असताना किपलिंगचे मौन पूर्वीसारखे वाचता येत नाही. पित्याला मौन परवडले, कारण ‘किपलिंग’ हे नाव नोंदीत होते. वाक्य कितीही कोरडे ठेवले तरी नाव उरणार होते. त्या नावावरून पुढे नाटक झाले, चित्रपट झाला. १९९२ साली कमिशनने आयरिश गार्ड्सच्या एका अनोळखी लेफ्टनंटचे थडगे जॉनचे असल्याचे जाहीर करून दगडावर नाव कोरले. १९९८ साली दोन अभ्यासकांनी ग्रंथ लिहून त्याला आव्हान दिले, आणि २०१६ च्या सुमारास नव्या संशोधनाने कमिशनचाच निष्कर्ष उचलून धरला. एका अठरा वर्षांच्या मुलाच्या थडग्यासाठी एवढा शोध झाला याचे वैषम्य वाटण्याचे कारण नाही. तो प्रत्येकासाठी व्हावयास हवा होता.

महाराष्ट्रातील काही गावांत इंग्रजी अमदानीतील संगमरवरी पाट्या आजही दिसतात. या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच त्यांवरील मजकूर. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव तर ‘मिलिटरी’ या जोडनावानेच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात तेथील ४६ जण कामी आले असे सांगितले जाते. नावांविना आकडा हे वाचताना कोणालाही विस्मरणच वाटेल. पण त्याच सह्याद्रीच्या परिसरात गावोगावी वीरगळ उभे आहेत. कर्नाटकातील वीरगळांवर बहुधा लेख असतो, महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळ लेखविरहित आहेत. खालच्या चौकटीत झुंज व मृत्यू, वर अप्सरांनी नेणे, त्याहून वर शिवपूजा, आणि नाव कोठेच नाही. तरीही त्यांना तेल-शेंदूर लागतो. तेव्हा नाव नाही म्हणजे स्मरण नाही, हे कमिशनचे गृहीतक आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडत नाही. वीरगळ त्या गावाने स्वतःच्या माणसासाठी उभा केला होता, पाटी वरून आली होती. वीरगळावर शिल्पकाराने निदान त्या एका माणसाची झुंज कोरली. पाटीने सर्वांची बेरीज केली.

या बेरजेमागची नावे सर्वस्वी नष्ट झालेली नाहीत. पलटणींचे दप्तर, निवृत्तिवेतनाच्या नोंदी, घराघरांत पेटीच्या तळाशी ठेवलेली पदके यांत ती विखुरलेली आहेत. पदकांच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. भिंग घेऊन बसले तर ती अजून वाचता येते.